पूजेला मांडलेली शस्त्रं

"तू कुठल्या वस्तीतली गं?"

सिस्टरने विचारलं तेव्हा मी वॉर्डाच्या फरशीवर बसले होते. सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खाट मिळाली नव्हती. मला वाटलं, केसपेपरवर लिहायचं असेल. मी सरळ सांगून टाकलं, "नाल्यापलीकडची."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. घोडं कुठं तरी अडलं होतं, ते सुटलं म्हणायचं.

"मग बरं झालं. आमच्या झाडूवाल्या सणाला गेल्यात. तो बघ कोपऱ्यात झाडू. वॉर्ड झाडून घे आणि थिएटरपुढचा व्हरांडा फिनेल टाकून पूस. साहेब पूजेला येणारेत."

भिंतीला लागून पेशंटची माणसं बसली होती. धडधाकट माणसं. तंबाखू मळत होती, गप्पा मारत होती. तिने त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नाही. मलाच विचारलं, आणि तेही आधी वस्ती विचारून.

मी म्हणाले, "मी पेशंटबरोबर आलीय."

"मग? पेशंटबरोबर आलेल्याला हात नसतात काय?"

त्या दिवशी खंडेनवमी होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट, दशक संपत आलं होतं. खंडेनवमीला आपल्याकडे ज्याची त्याची हत्यारं पुजतात. शेतकरी कोयता-विळा पुजतो, सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. नाशिकच्या त्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची शस्त्रं पुजायचे. थिएटर धुवायचं, कात्र्या-चिमटे ट्रेमध्ये मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरी पुजायला हत्यार म्हणजे आईचा खराटा. आई नगरपालिकेत रस्ते झाडायची. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. तिला त्याचा पगार होता, रजा होती, युनियन होती. पण तिने मला दहावीपर्यंत शिकवलं ते काही कुणी वस्ती विचारून माझ्या हातात झाडू द्यावा म्हणून नाही.

सुमन माझी शाळेतली मैत्रीण. माळ्याची पोर. आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या डब्यातला ठेचा ती पळवायची आणि तिची भेंडीची भाजी मला खायला लावायची. लग्न करून ती मखमलाबादकडच्या मळ्यात गेली. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. त्याच मळ्यात मी फुलं तोडायला रोजाने जायचे. म्हणजे ती मालकीण आणि मी मजूर. पण ती वाफ्यात माझ्याच शेजारी बसून तोडायची आणि दिवसभर चिडवायची. म्हणायची, "बये, इथं झेंडूसमोर तुझं तोंड लय चालतं. चारचौघात गेली की शिवल्यावानी का होतं?" मी म्हणायचे, "तुला काय कळणार?" ती म्हणायची, "मग कळंल असं सांग ना."

दसऱ्याच्या आधी झेंडूवाल्यांना मरायलाही वेळ नसतो. वर्षाची कमाई त्याच दोन दिवसांत. सुमनच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं तेव्हाच. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. ती वाकून वाकून फुलं तोडत राहिली. तिची सासू, मी तिला काकू म्हणायचे, तिने ओवा दिला. उतार पडेना म्हणून रात्री एरंडेल पाजलं. त्यांच्याकडे पोटाच्या कुठल्याही दुखण्याला एरंडेल. सकाळी मी मळ्यात गेले तर सुमन गोठ्यापाशी आडवी पडलेली. ओकून ओकून हिरवी झालेली. नवरा झेंडूचा टेम्पो घेऊन मुंबईच्या बाजाराला गेलेला. मी काकूंना म्हणाले, "दवाखान्यात न्या." त्या म्हणाल्या, "आज तोडा कोण करंल?" मग मीच रस्त्यावर जाऊन रिक्षा आणली. तेव्हा कुठे काकू उठल्या. उठताना एक पोतं झेंडू घेतला. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाल्या.

शिकाऊ डॉक्टर होता एक. नुकतंच मिसरूड फुटलेला, डोळे तांबारलेले. त्याने सुमनचं पोट दाबलं आणि झटकन हात सोडला. ती किंचाळली.

"एरंडेल दिलं का कुणी?"

काकूंनी मान खाली घातली.

तो म्हणाला, "अपेंडिक्स आहे. आजच घ्यायला पाहिजे. एरंडेलाने ते फुटूही शकतं. फुटलं तर अवघड होईल." आणि मोठ्या साहेबांना कळवतो म्हणून गेला. ते त्याच्या हातात नव्हतं. थिएटर उघडायचं तर मोठे साहेब पाहिजेत.

म्हणून मी झाडू घेतला. कारण सिस्टर पुढे म्हणाली होती, "तू लवकर आवर. साफसफाई झाली की पूजा, पूजा झाली की पहिली तुझीच पेशंट."

सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन गेलेल्या माणसाला हे कळेल. तुमचं माणूस त्यांच्या हातात असतं. सिस्टर नाराज झाली तर सलाईन संपली तरी कोण बघणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी सुमनचं डोकं काकूंच्या पिशवीवर टेकवलं आणि उठले.

मी झाडलं. खाटांखालचं झाडलं. भाताची शितं, केळीची सालं, रक्ताचे बोळे. लोकांनी पाय वर घेतले. एक बाई म्हणाली, "तिकडं राहिलं बघ." तिने मला नेहमीची झाडूवालीच समजलं. मग बादली भरली, फिनेल टाकलं, गुडघ्यावर बसून व्हरांडा पुसला. आणि काकू कुठे होत्या? त्यांना सिस्टरने स्टूल दिलं होतं. "आजी, तुमची फुलं किती छान! हार ओवता येतील का?" काकू सुईदोरा घेऊन हार ओवत होत्या. ती फुलं मी तोडलेली. सुमनने तोडलेली.

तेवढ्यात एक बरं झालं. सुमनला ट्रॉलीवर घेतलं आणि थिएटरच्या दाराबाहेर आणून लावलं. मला वाटलं, झालं आता. मी जास्त जोर लावून पुसायला लागले. सुमन ट्रॉलीवरून बघत होती. तिचे ओठ सुकले होते. म्हणाली, "हे काय करू राहिली तू?"

मी म्हणाले, "तुझा नंबर लावू राहिली."

तिने तोंड फिरवलं. तेव्हा वाटलं दुखतंय म्हणून फिरवलं.

साहेब आले. सगळा स्टाफ नवे कपडे घालून जमला. थिएटरच्या दाराला हार लावला, आंब्याची पानं लावली. आत ट्रे मांडलेला, उदबत्तीचा वास. एक आया सुमनला कुंकू लावून गेली, पेशंटला पण प्रसाद म्हणून. मी बादली कडेला ठेवली, हात धुतले, पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या मागे दारात जाऊन उभी राहिले. डॉक्टर भेटतील, सांगता येईल, एवढंच डोक्यात होतं.

सिस्टरने बघितलं. लगबगीने माझ्याकडे आली.

"तू आत येऊ नको. पूजा मांडलीय."

मोठ्याने नाही म्हणाली. हळूच म्हणाली, समजावल्यासारखी. काकू आत होत्या. त्यांच्या हातात आरतीचं ताट होतं. मी उंबऱ्याबाहेर. ज्या व्हरांड्यातून सगळे अनवाणी आत गेले तो मी पुसलेला. माझे कान तापले. पण मी काय केलं? काही नाही. मागे सरकले आणि सुमनच्या ट्रॉलीची दांडी धरून उभी राहिले. चारचौघात शिवल्यावानी तोंड, सुमन म्हणायची तसं.

पेढे वाटून झाले. साहेब बाहेर आले. शिकाऊ डॉक्टर त्यांच्या मागे लागला होता, "सर, ती अपेंडिक्सची पेशंट..."

साहेब म्हणाले, "अँटिबायोटिक सुरू आहे ना? आज शस्त्रं पूजेला आहेत. हलवायची नाहीत. उद्या दसरा झाला की बघू."

मी सिस्टरकडे बघितलं. तिने पेढ्याचा बॉक्स बंद केला. मी म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणला होता पहिली आमचीच."

"मी काय करू? साहेबांनी सांगितलं ना. देवाचं आहे ते."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज त्यांची सरली होती आणि मरायला आम्ही होतो.

दुपार अशीच गेली. सुमनला ताप चढला. ती दात खाऊन कण्हायची. मी ओल्या फडक्याने कपाळ पुसायचे. पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, ती पाणी मागायची. मग उन्हं कलती झाली तेव्हा ती एकाएकी शांत झाली. तिने डोळे उघडले. म्हणाली, "बये, दुखायचं थांबलं गं."

मला इतका आनंद झाला! काकूंनी हात जोडले. "पूजेचा गुण आला," म्हणाल्या. "माझ्या फुलांना पावला देव." आम्ही दोघी हसलो. त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

शिकाऊ डॉक्टर आला. मी म्हणाले, "बरं वाटतंय तिला, दुखायचं थांबलं." त्याने पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं झालं होतं. त्याचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. तो फोनकडे पळाला. फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं. हे मला नंतर कळलं. आम्ही हसत होतो तेव्हा आत सगळं विष पसरायला लागलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच जीप आली.

कुणा पुढाऱ्याचा भाचा होता. मारामारीत हनुवटी फुटलेली. पोलीस केस करायची होती, सरकारी दाखला पाहिजे होता, म्हणून सरकारी दवाखान्यात आला. नाहीतर असली माणसं आमच्या दवाखान्याची पायरी कशाला चढतील? स्वतःच्या पायाने चालत आला. बरोबर दहा-बारा पोरं, कपाळाला गुलाल. हनुवटीला रुमाल धरून आईवरून शिव्या देत होता. फोन आधीच आलेला. साहेब घरून परत आले. आणि थिएटरचं दार उघडलं.

उघडलं! हार बाजूला केला, ट्रे उचलला, कात्रीवरचं कुंकू पुसलं. हनुवटीला चार टाके. ते टाके बाहेर बाकावर बसवून घालता आले असते. शिकाऊ डॉक्टर दारात उभा राहून साहेबांना काही तरी सांगत होता. "पाच मिनिटं थांब रे," एवढंच मला ऐकू आलं.

मी दारातून बघत होते. पूजलेली शस्त्रं हलत होती. काही झालं नाही. देव कोपला नाही. उदबत्ती जळत राहिली.

तो भाचा बाहेर आला. पोरांनी घोषणा दिली. गुलाल उधळला. मग सिस्टर आली. तिच्या हातात फडकं होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं.

"आत रक्त सांडलंय, उलटी केलीय त्याने. पटकन पुसून घे. साहेब निघायच्या आत."

सकाळी उंबऱ्याच्या आत यायला मी चालत नव्हते. आता चालत होते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण आवाज मात्र शांत निघाला.

"मी पुसणार नाही."

"काय?"

"मी पुसणार नाही. आधी हिला आत घ्या."

"मला शिकवू नको. पुसायचं नसेल तर तुझी पेशंट राहील तशीच. घेऊन जा कुठे न्यायची ती."

काकू धावत आल्या. त्यांनी माझा दंड धरला. नखं रुतली. "अगं कर ना बाई! तुझं काय जातंय? माझी सून मरू राहिली ना इथं!" मी हलले नाही. मग त्या म्हातारीने स्वतः सिस्टरच्या हातातलं फडकं ओढलं. "द्या बाई, मी पुसते. मी पुसते, पण तिला घ्या."

आणि सिस्टर काय म्हणाली? जसंच्या तसं सांगते.

"अहो आजी, तुम्ही नका. तुमचं काम आहे का हे? द्या तिच्याकडे."

एवढंच म्हणाली. फार मायेने म्हणाली. त्या एका वाक्यात सगळं उघडं पडलं. पेशंटची माणसं आम्ही दोघी. गरज दोघींची. पण एकीचा मान ठेवायचा आणि दुसरीला उलटी पुसायला लावायची. सकाळपासून मी स्वतःला फसवत होते, की पेशंटसाठी करतेय, माणुसकीने करतेय, कुणालाही सांगितलं असतं. कसलं काय! कुणालाही सांगितलं नसतं. मलाच सांगितलं होतं.

मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते.

"मी झाडूवाली नाय! मी पेशंटचं माणूस हाय! शस्त्रं हलवायची नव्हती ना? हलली ना आता? मग हिच्यासाठी पण हलवा!"

तंबाखू मळणारे हात थांबले. मी ट्रॉलीच्या मागे गेले, ब्रेक पायाने काढला आणि ढकलली. दार अर्धवट उघडं होतं. हार मधे आला, तुटला, झेंडू चाकाखाली आला. ट्रॉली उंबऱ्यावर आदळली, सुमन कण्हली, पण ट्रॉली आत गेली. मीही आत गेले. चपलांसकट. साहेब हात धूत होते.

"ए! कोण तू? बाहेर हो!"

मी म्हणाले, "हिचं पोट फुटलंय. तुम्ही घरी जायचं नाही."

सिस्टर मला मागून ओढत होती. मी टेबलाचा पाय धरला. दारात माणसं गोळा झाली होती. मला "तिकडं राहिलं बघ" म्हणणारी ती बाईसुद्धा होती. तीच पहिल्यांदा बोलली, "घ्या ना हो साहेब, लेकरू जाईल एखाद्याचं." मग दुसरा कोणी बोलला. मग तिसरा. शिकाऊ डॉक्टर पुढे आला, त्याने कुणाला न विचारता हातमोजे चढवले आणि म्हणाला, "सर, मी घेतोय हिला." साहेबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "या बाईला आधी बाहेर काढा."

मला बाहेर काढलं. ऑपरेशन झालं.

उशीर झाला होता. आत पू पसरला होता. सुमन त्यानंतर काही दिवस जगली. पोटातून नळी काढलेली, अंगात ताप. मी रोज जायचे. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. सिस्टरही नाही. पण झाडू परत कुणी पुढे केला नाही.

एक दिवस सुमन शुद्धीवर होती. माझा हात धरला. म्हणाली, "तू बोललीस म्हणे."

"हो."

"मला धड ऐकू नाय आलं. जोरात बोललीस?"

"लय जोरात."

ती हसली. हसताना तिला टाके दुखले. "बरं केलंस. सकाळी तू फरशी पुसू राहिली होती ना, मला बघवंना. म्हणून तोंड फिरवलं."

दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आत, ती गेली.

मळ्यात तिला पोचवायला मी गेले तेव्हा काकूंनी सगळ्यांदेखत मला अडवलं. "हिनं दवाखान्यात तमाशा केला. सिस्टरचं ऐकलं असतं, एक फडकं मारलं असतं, तर माझी सून जगली असती. त्यांनी राग काढला तिच्यावर." बायका माझ्याकडे बघत होत्या. सुमनचा नवरा खाली बघत होता. एरंडेलाचं मी काही बोलले नाही. ते काकूंचं काकूंजवळ, त्यांना रात्री झोप येत नसेल त्याने. पण मी माफी मागितली नाही. त्या मळ्यात मला परत काम मिळालं नाही.

लोक विचारतात, तुला वाटत नाही का, पुसलं असतं तर? नाही वाटत. मी सकाळी पुसलं होतं. अख्खा दवाखाना पुसला होता, गुडघे सोलून निघेपर्यंत. त्याने सुमनचं ऑपरेशन एक मिनिटही अलीकडे आलं नाही. झालं ते मी नाही म्हणाल्यावर झालं. ते सकाळीच झालं असतं तर सुमन आज झेंडूत बसून मला चिडवत असती. हे मला रोज सलतं, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. सुमनला दुखण्याने मारलं नाही. तिला ताटकळत ठेवून मारलं.

आता वस्तीतलं कुणी आजारी पडलं की मला बोलावतात. निफाडकडे बागेत औषध मारताना चक्कर आलेले, बाळंतपणाच्या बायका, सिन्नरला कारखान्यात हात सापडलेला एक पोरगा. मी जाते. "ताई", "साहेब" सगळं नीट म्हणते. पण वस्ती विचारली की मी विचारते, कशाला पाहिजे? आणि पेशंटला कोण, कधी बघणार हे कळल्याशिवाय मी दारातून हलत नाही. मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत.

खंडेनवमीला मी कुठल्याच कामावर जात नाही. भाकरी बांधून घेते आणि थिएटरबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. नव्या सिस्टर विचारतात, "मावशी, तुमचं कोण ॲडमिट आहे?" मी म्हणते, जो येईल तो. त्यांना वाटतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी खुशाल पूजा करावी, नारळ फोडावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी कुणी विव्हळत आलं, आणि शस्त्रं हलवायची नाहीत असं कुणी म्हणालं, तर ती ट्रॉली मी ढकलणार आहे. दार बंद असलं तरी ढकलणार आहे.